इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतले स्फटिक

दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर जिल्ह्यात गाळप सुरू झाले की वारणा, बिद्री, शिरोळ, कागल, सगळीकडे चर्चा उसाच्या दराची आणि साखर उताऱ्याची. पण कारखान्यात वाफ किती खर्ची पडणार, हे बरेचसे रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत धरणाऱ्या थरावर ठरते.

उसाच्या रसात साखरेसोबत जमिनीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, सिलिकाही येतात. रस स्वच्छ करायला चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. त्यातून कॅल्शियमची भर पडते. मग पाणी उडवत रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे टक्केवारीतले प्रमाण, साधारण १५ वरून ६० च्या आसपास नेतात. पाणी आटले की क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. इव्हॅपोरेटरमध्ये एकापुढे एक भांडी असतात, त्यांना बॉडी म्हणतात. पहिल्या बॉडीत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट बसते, शेवटच्या बॉडीत सिलिका, सल्फेट आणि ऑक्झलेट. थर वाढला की उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही, आणि गाळप थांबवून नळ्या साफ कराव्या लागतात.

हा थर रोखण्यात सरफॅक्टंट, म्हणजे पृष्ठभागावर काम करणारे रसायन, काय करते ते पाहू. साबण याच कुळातला. सरफॅक्टंटच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरे पाणी टाळते. पाण्यात रमणाऱ्या टोकावर ऋण भार असेल, तर ते स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या कॅल्शियमला चिकटते. स्फटिक वाढतो तो पृष्ठावरच्या बारीक पायऱ्यांवर. गवंडी वीट ठेवणार तिथेच कुणी येऊन बसावे, तशी ती वाढ अडते. म्हणून अगदी थोडे रसायनही पुरते. सगळ्या बाजू सारख्या अडत नाहीत, त्यामुळे स्फटिकाचा आकारही बदलतो. रोमे द लील या फ्रेंच अभ्यासकाने १७८३ मध्येच नोंदवले होते, की मूत्र मिसळलेल्या द्रावणात मिठाचे स्फटिक घनाकार न होता अष्टफलक होतात. मूत्रातला युरिया सरफॅक्टंट नव्हे, पण किमया तीच.

गंमत अशी, की हेच रेणू कधी उलटेही वागतात. पृष्ठऊर्जा कमी झाल्याने नव्या स्फटिकांना जन्मायला सोपे जाते आणि मोठ्या खड्यांऐवजी असंख्य बारीक कण तयार होतात. कारखान्याला तेही चालते, कारण असे कण नळीला न चिकटता रसाबरोबर पुढे जाऊ शकतात.

तरी इव्हॅपोरेटरमध्ये साबणासारखे रसायन ओतणे धोक्याचे. फेस झाला तर रस वाफेबरोबर उडतो आणि साखर वाया जाते. काहिलीत रस उतू येऊ लागला की गुळव्या थोडे तेल सोडतो; फेसाची ही भीती गुऱ्हाळाला जुनी आहे. म्हणूनच थर रोखायला पॉलिअ‍ॅक्रिलेट आणि फॉस्फोनेट यांना पसंती मिळते. ते फारसा फेस न करता स्फटिकाची वाढ तशीच अडवतात.

सफाईच्या दिवशी मात्र सरफॅक्टंट हक्काने लागतो. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात तो थोडा मिसळला की द्रावण थराच्या बारीक छिद्रांत झिरपते. सिलिका कॉस्टिकला नमते, फॉस्फेट अ‍ॅसिडला. ऑक्झलेट दोघांनाही सहजी दाद देत नाही. त्यामुळे आधी खपली काढून प्रयोगशाळेत तपासणे, हे केमिस्टचे पहिले काम.