रेंज आधी की घर आधी?

एनसीसीत असाल, तर पहिलं फायरिंग आठवतच असेल. पोटावर झोपायचं, ०.२२ रायफल खांद्याला लावायची, श्वास रोखायचा आणि ट्रिगर! पुढे दिवसभर तोच विषय. आता जरा उलट बाजूने बघा. तुम्ही रेंजवर नाही, रेंजमागच्या सोसायटीत आहात. उद्या पेपर आहे आणि दर अर्ध्या मिनिटाला एक 'ठो!'

माझ्या दोन मैत्रिणींमध्ये नेमका हाच वाद आहे. एक शॉटगनचा सराव करते, दुसरी रेंजजवळच्या खोलीत राहून एमपीएससीचा अभ्यास. दोघींनाही सकाळच हवी. पहिली म्हणते, "स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा तूच स्टेटस ठेवलं होतंस ना?" दुसरी म्हणते, "ठेवलं. पण माझी प्रीलिम कोण देणार?" शेवटी कायदा काय म्हणतो, ते शोधायला मी बसले.

सरासरीची गंमत

आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा. रेंजसाठी त्यात वेगळा आकडा नाही. शिवाय ही मर्यादा ठरावीक वेळेतल्या सरासरीची आहे. डीजे तासभर वाजतो, तो सरासरीत लगेच पकडला जातो. गोळीचं तसं नाही. गणित करून बघा: तासाभरात फक्त एक सेकंद ८५ डेसिबलचा आवाज आणि बाकी शांतता, तर सरासरी येते ५० च्या आत. म्हणजे कागदावर सगळं ठीक, आणि तुम्ही मात्र दचकून खुर्चीतून उठलेले! फटाक्यांसाठी मात्र आपल्याकडे एकेका स्फोटाची मर्यादा आहे, ४ मीटरवर १२५ डेसिबल.

ब्रिटनमध्ये क्ले टार्गेट शूटिंगसाठी २००३ पासून वेगळी मार्गदर्शक पद्धत आहे. अर्धा तास मोजायचं आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या २५ आवाजांचीच सरासरी काढायची. मधली शांतता हिशेबात नाही. ५५ च्या खाली असेल तर त्रासाची शक्यता कमी, ६५ च्या वर असेल तर त्रास जवळपास नक्की.

"तू नंतर आलीस!"

माझ्या नेमबाज मैत्रिणीचा हुकमी मुद्दा हाच: रेंज आधीपासून आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा १९८९ चा कायदा बराचसा तिच्या बाजूचा आहे. रेंज सुरू झाली तेव्हा लागू असलेले आवाजाचे नियम ती पाळत असेल, तर आवाजावरून तिच्यावर दावा चालत नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मोटर रेसिंगच्या एका खटल्यात उलटं सांगितलं. तिथे एका जोडप्याने स्टेडियमजवळ घर घेतलं होतं, स्टेडियम कित्येक वर्षं जुनं. तरी 'तुम्ही नंतर आलात' हा बचाव पुरेसा नाही, असं कोर्ट म्हणालं. पण आवाज थांबवण्याऐवजी भरपाई देता येईल, हेही सांगितलं.

मग तुम्ही काय कराल?

आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त असेल, तर आपल्या नियमांनुसार जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांसारख्या अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. मोबाइल ॲपचा आकडा फक्त अंदाजासाठी धरा. तारीख, वेळ, किती वेळ फायरिंग चाललं, याची वही ठेवा. त्याआधी रेंजवाल्यांशी बोला. उंच मातीचा बांध, फायरिंग पॉइंटवर आवाज शोषणारं छत, ठरलेल्या वेळा, यांनी बराच फरक पडतो. आणि नेमबाजांनो, बंदुकीजवळ आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. इअर प्रोटेक्शनशिवाय उभे राहू नका, गेलेले कान परत येत नाहीत.

माझ्या मैत्रिणींचं काय झालं? पहिलीने कोचकडून शॉटगनचं वेळापत्रक आणलं, दुसरीने ते भिंतीवर चिकटवलं. त्या दिवशी ती सकाळी अभ्यासिकेत जाते. कुरकुर अजून आहेच. पण आता 'ठो' कधी होणार हे तिला आधीच माहीत असतं, आणि दचकणं निम्म्याने कमी झालंय, असं तीच सांगते.