पाळणाघर मिळाले, तिथल्या ताईंचे काय?

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, आईला दिवसातून 4 वेळा बाळाला भेटण्याचा हक्क मिळाला. हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पण बाळ सांभाळणाऱ्या ताईचा पगार, रजा, नोकरीची हमी? त्या कलमात एक शब्द नाही.

म्हणून युनियनचा करार महत्त्वाचा. मालक आणि युनियनने परस्पर केलेला करार सही करणाऱ्यांपुरताच असतो. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार मात्र आस्थापनेतील सर्व कामगारांना, पुढे कामावर येणाऱ्यांनाही लागू होतो. ताई ठेकेदाराकडची असेल तर ठेकेदारालाही त्यात पक्षकार करावे. नाहीतर मालक म्हणणार, 'ती आमची कामगारच नाही.'

मागणीपत्रातच पाळणाघर सेविकेचे पद, वेतनश्रेणी, किती बाळांमागे किती सेविका, हे लिहावे. ठेका बदलला तरी ताई तीच राहील, हे कलम आम्ही सर्वात वर ठेवू. रोज नवा चेहरा पाहून बाळही रडते. युनियनमधल्या बंधू-भगिनींनी पुढच्या बोलणीआधीच ताईंची सभासद पावती फाडावी.