संतपदाची तपास-फाईल

शवागारात डेना स्कली एका मृतदेहाशेजारी उभी आहे. ती डॉक्टर आहे, एफबीआयची एजंट आहे, शवविच्छेदन तिच्या रोजच्या कामातलं. हा देह एव्हाना कुजायला लागायला हवा होता. तसं काहीच झालेलं नाही. उलट तिला फुलांचा मंद वास येतोय. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सहकाऱ्याला, मल्डरला, तो येत नाही. उडत्या तबकड्यांवर मनापासून विश्वास ठेवणारा मल्डर इथे पक्का संशयी होतो, आणि एरवी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारी, गळ्यात सोन्याचा इवलासा क्रूस घालणारी स्कली विचारात पडते. ‘द एक्स-फाइल्स’चा ‘रेव्हलेशन्स’ हा भाग डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत दाखवला गेला. अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटणारा एक मुलगा आणि त्याच्या मागावर असलेला खुनी, अशी त्याची गोष्ट.

पटकथाकारांनी तो वास मनाने रचलेला नाही. संताचा देह कुजत नाही, त्याला सुगंध येतो, ही कॅथलिक जगातली शतकानुशतकांची धारणा आहे. तिची एक फार गाजलेली कथा तर आपल्या शेजारची, गोव्याची आहे. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्सियान बेटावर वारले. मांस लवकर झडावं आणि अस्थी सोबत नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरला होता. अडीच-तीन महिन्यांनी पेटी उघडली, तर देह जसाच्या तसा. तो मलाक्काला नेला, तिथे पुरला, पुन्हा बाहेर काढला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला. तिथे व्हाइसरॉयच्या वैद्याने, कोज्मे साराइव्हाने, देह स्वतः तपासला आणि साक्ष दिली की तो टिकवण्यासाठी आत काहीही भरलेलं नाही, आतडी जागच्या जागी आहेत. या साक्षीचं मला विलक्षण अप्रूप वाटतं. बाहेर दर्शनासाठी अख्खं शहर लोटलंय आणि आत एक वैद्य पोट दाबून खात्री करून घेतोय. स्कलीच्या जवळजवळ साडेचारशे वर्षं आधी! आज मात्र न कुजलेला देह संतपदासाठी चमत्कार म्हणून धरला जात नाही.

गुन्हेमालिकांना संतांचं एवढं आकर्षण का, याचं उत्तर मला या साक्षीत सापडतं. संतपद ठरवण्याची रीत मुळातच तपासाची आहे. साक्षीदार शपथेवर बोलतात, कागदपत्रं गोळा होतात, थडगं उघडून अवशेषांची ओळख पटवली जाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तर रोममध्ये एक अधिकारी उमेदवाराच्या विरोधात बाजू मांडण्यासाठीच नेमलेला असे. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी या विद्वानाने हे काम वीसएक वर्षं केलं आणि पुढे तो पोप बेनेडिक्ट चौदावा झाला. चमत्कार कशाला म्हणावं याच्या त्याने घातलेल्या अटी कुठल्याही न्यायवैद्यक तज्ज्ञाला पटाव्यात अशा आहेत: आजार गंभीर हवा, उपचारांनी बरं वाटलं असण्याची शक्यता नको, बरं होणं झटकन आणि पूर्ण हवं, आणि दुखणं पुन्हा उलटायला नको. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही प्रक्रिया बदलली, या वकिलाचं जुनं काम जवळपास संपलं. तरी मदर तेरेसांच्या चौकशीत त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांना साक्षीला बोलावलंच. आज कथित चमत्कार आधी डॉक्टरांच्या मंडळापुढे जातो. सात तज्ज्ञ असतील तर किमान पाच जणांचा होकार लागतो, आणि तोही एवढ्यापुरताच, की आजच्या विज्ञानाला याचा उलगडा करता येत नाही. पुढचा निर्णय धर्मपंडितांचा आणि शेवटी पोपचा.

‘रेव्हलेशन्स’मधल्या मुलासारख्याच जखमा पाद्रे पिओ या इटालियन फादरांच्या हातांवर १९१८ पासून होत्या. भक्तांनी त्यांचे हात चुंबले, तर रोमने त्यांच्यावर संशय घेतला. त्यांनी गुपचूप कार्बोलिक ॲसिड मागवल्याची एका औषधविक्रेत्याची तक्रार फाईलला लागली. सुया निर्जंतुक करायला हवं होतं, हा त्यांचा खुलासाही लागला. काही काळ त्यांना लोकांसमोर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायचीही बंदी होती. शेवटी २००२ मध्ये ते संत झाले. पडद्यावर जखम दिसली की संगीत चढतं, पंचेचाळीस मिनिटांत निकाल लागतो. या माणसाच्या जखमांवर चर्चने आठ दशकं घालवली.

हे दळण पडद्यावर आणण्याचं धाडस ‘ईव्हिल’ या मालिकेने केलं (२०१९ ते २०२४). चर्चसाठी चमत्कार आणि भूतबाधेची प्रकरणं तपासणारी तिघं: पाद्री होऊ घातलेला डेव्हिड, न्यायवैद्यक मानसतज्ज्ञ क्रिस्टन आणि यंत्रं-तारा उकलणारा, कशावरही विश्वास न ठेवणारा बेन. बेनचं काम करणारे आसिफ मांडवी मुंबईत जन्मलेले. दुसऱ्याच भागात मृत घोषित केलेली एक मुलगी १७७ मिनिटांनी शवागारात जागी होते. चमत्कार शोधायला निघालेली ही मंडळी हळूहळू वेगळ्याच प्रश्नापाशी येतात: डॉक्टरांनी प्रयत्न नेमके कधी सोडले? श्रद्धेच्या वाटेने निघालेला तपास माणसांच्या हलगर्जीपर्यंत पोचतो. मला हे फार खरं वाटलं. पुढे मालिकेला भुताखेतांचा मोह आवरला नाही, पण तिचे सुरुवातीचे भाग जरूर पाहावेत.

बहुतेक मालिका मात्र कॅथलिक श्रद्धेतून दोनच गोष्टी उचलतात: रक्त आणि गुपित. गुपित म्हणजे पापनिवेदन. कबुलीजबाब ऐकलेल्या फादरांचे ओठ शिवलेले, पोलीस दारात उभे. पापनिवेदनात ऐकलेलं उघड करणारा पाद्री तत्क्षणी बहिष्कृत होतो, त्यामुळे पेच खराच आहे. फक्त तिथे फादर अडसर म्हणूनच उरतो. जी. के. चेस्टरटन यांना यातली दुसरी बाजू दिसली. ब्रॅडफर्डचे फादर जॉन ओ’कॉनर यांच्याशी गप्पा मारताना गुन्हेगारी जगाबद्दल त्यांना असलेली माहिती ऐकून चेस्टरटन हबकले. पुढे केंब्रिजचे दोन विद्यार्थी त्यांना म्हणाले, या पाद्र्यांना बाहेरच्या दुष्ट जगाची काय कल्पना! त्यातून १९१० मध्ये फादर ब्राउन जन्मले. पापं ऐकून ऐकून माणूस ओळखू लागलेले हे फादर खुन्याच्या जागी स्वतःला ठेवून गुन्हा उकलतात. बीबीसीची २०१३ पासूनची ‘फादर ब्राउन’ मालिका गोष्टी बऱ्याच बदलते, पण मार्क विल्यम्सचे फादर एक गोष्ट सोडत नाहीत: गुन्हेगार सापडला की आधी त्याच्या पश्चात्तापाची काळजी. इटलीतल्या ‘दोन मात्तेओ’चंही तेच. सायकलवरून फिरणारे ते फादर सुरुवातीची कित्येक वर्षं गुब्बिओ गावात राहतात. आख्यायिका सांगते, की याच गावात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी माणसं खाणाऱ्या लांडग्याशी तह केला.

आणि चेस्टरटन स्वतः? त्यांना संत करावं म्हणून नॉर्दम्प्टनच्या बिशपांनी प्राथमिक चौकशी करवली. २०१९ मध्ये बिशपांनी प्रकरण पुढे न्यायला नकार दिला. भक्तीची स्थानिक परंपरा नाही, आध्यात्मिक जीवनाचा स्पष्ट आकृतिबंध सापडत नाही आणि लेखनातल्या ज्यूविरोधाचा प्रश्न, ही त्यांची कारणं. डिटेक्टिव्ह पाद्र्याच्या जनकाचीही फाईल उघडली जाते, याने मी थक्क झालो.

पण मालिकांच्या हातून सगळ्यांत मोठी गोष्ट सुटते ती हुतात्म्यांच्या बाबतीत. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत झाले. हुतात्मा ठरवताना चर्चला खुन्याचा हेतू सिद्ध करावा लागतो: त्याने श्रद्धेच्या द्वेषातून मारलं का? सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो १९८० मध्ये मिस्सा अर्पण करताना गोळी लागून पडले. मारणारेही कॅथलिकच, मग द्वेष श्रद्धेचा की राजकारणाचा? गरिबांची बाजू घेणं हेच श्रद्धेतून आलेलं होतं, हे मान्य व्हायला २०१५ उजाडलं.

सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना बसमध्ये प्रवाशांदेखत भोसकलं. मारेकरी पकडला गेला, शिक्षा झाली. गुन्हेमालिकेचा भाग इथे संपला असता. राणी मारिया यांची धाकटी बहीणही सिस्टर. तिने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने माफ केलं, पुढे तो सुटला, राणी मारिया यांच्या केरळमधल्या आईला जाऊन भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया धन्यवादित घोषित झाल्या. संतपदाच्या अलीकडची ही पायरी, आणि चौकशी अजून पुढे चालायची आहे. खुनानंतरची ही बावीस वर्षं कुणी पटकथाकाराने लिहायला घ्यावीत, असं मला फार वाटतं.