लांब काठी, आखूड काठी आणि फासे

आपल्या भंडारा जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. बुरडाच्या अंगणात उभे केलेले बांबू तुम्ही पाहिलेच असतील. समजा, एकाच जाडीच्या बांबूच्या दोन काठ्या आहेत. एक मीटरची तुमच्याकडे आणि दोन मीटरची तुमच्या मित्राकडे. लुटुपुटीच्या लढाईत कोण जिंकेल?

"लांब काठीवाला!" असे तुम्ही चटकन म्हणाल. पण जरा थांबा.

अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ निघाला. त्यात खेळाडू कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन काल्पनिक वीरांच्या लढाया खेळतात. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकात प्रत्येक शस्त्राला वेगाचा एक आकडा दिला होता. आकडा मोठा तितके शस्त्र मंद. खंजिराला २, तर सर्वांत लांब भाल्याला १३! हा नियम वास्तवाला धरून आहे का?

चला, पडताळून पाहू. मोकळ्या मैदानात, जवळपास कोणी नसताना, दोन्ही काठ्या टोकाशी धरून आडव्या फिरवा. लांब काठी किती जड जाते पाहा! तिचे वजन दुप्पटच आहे. पण ते हातापासून दूरवर पसरले आहे. फिरण्याला होणाऱ्या या विरोधाला 'निरूढी परिबल' म्हणतात. ते वजन आणि लांबीचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून येथे ते २ × ४ म्हणजे आठपट होते. मनगटाचा जोर तोच ठेवला, तर काठी तितकीच फिरवायला सुमारे २.८ पट वेळ लागतो.

आता लांब काठी मधोमध धरा. विरोध एकदम चौथाई झाला! लाठी फिरवणारे खेळाडू हात मध्याकडे का नेतात, हे आता कळले ना? मात्र हातापुढची काठी निम्मीच उरली.

आणि काठी न फिरवता सरळ पुढे खुपसली तर? तेथे फक्त वजन मोजायचे. विरोध दुप्पट, आठपट नव्हे. म्हणूनच लांब भाला मुख्यतः भोसकण्याचे शस्त्र ठरला. त्याचे टोक शत्रूला दूर ठेवते. पण शत्रू एकदा टोकाच्या आत शिरला की तोच भाला अडचण होतो. मराठ्यांच्या 'विटा' या शस्त्राची युक्ती वेगळी होती. भाल्याला दोरी बांधलेली. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. लांबी दोरीत, वजन मात्र आखूड काठीचे!

तेव्हा एकाच आकड्यात भाला मावत नाही. फिरवण्याचा वेग, भोसकण्याचा वेग आणि शत्रूचे अंतर असे तीन आकडे हवेत. फासे घ्या, तुमचे नियम तयार करा. पण प्रत्येक आकडा आधी काठीला विचारून घ्या बरे!