शेलूची माती आणि मोटारीची गादी

मुंबईहून कर्जतकडे येताना वांगणी मागे पडली की ठाणे जिल्ह्याची हद्द संपते आणि शेलूपासून रायगड, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचा कुलाबा, सुरू होतो. येथे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि काचा लावून स्टेशनाबाहेर उभी केलेली मोटार दुपारपर्यंत भट्टी होऊन बसते. पुढे मृगापासून नवरात्रापर्यंत ओल्या छत्र्या, चिखलाची पावले आणि भिजलेली पोरे तिच्याच गादीला निमूटपणे सोसावी लागतात. असे असता गिऱ्हाईक मात्र दुकानाच्या लखलखीत दिव्याखाली, कोरडा हात फिरवून, मऊ लागेल ते पसंत करून मोकळे होते.

मीही त्यांतलाच. ‘अगदी चामड्यासारखे’ म्हणून हौसेने चढवलेल्या काळ्याभोर कव्हरांचे तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटू लागले, आणि एका लग्नात माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर उमटलेली त्यांची नक्षी पाहून यजमानांनी, वाटेत टायर बदलावे लागले काय, असे अत्यंत सहानुभूतीने विचारले. या जिनसेत कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. स्वस्त प्रतीच्या थरातील रेणू दमट हवेतल्या पाण्याशी संयोग पावून तुटत जातात, उष्णतेने ही क्रिया वेग घेते, आणि शेलूस तर दोहोंचाही सुकाळ. गाडी न वापरता छपराखाली ठेवली, तरी कव्हरांचे पापुद्रे सुटायचे राहत नाहीत.

रेग्झिन हे मूळचे एका इंग्रज कंपनीच्या मालाचे नाव, आता जिनसेचेच होऊन बसलेले. हल्लीचे रेग्झिन बहुधा पीव्हीसीचे असते. त्यास पाण्याचे भय नाही, ओल्या फडक्याने चिखल निघतो, म्हणून रिक्षावाले आणि भाड्याच्या गाड्यांचे मालक त्यालाच धरून आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे. त्याचे वैर उन्हाशी: मऊपणासाठी मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेने उडून काचेवर आतून धुरकट साय धरते, आणि गादी ताठून टाक्यांपाशी तडकते. अस्सल चामड्यावर श्रावणात बुरशी येते. ज्याच्या हातून नित्य निगा होणार नसेल, त्याने त्या वाटेस जाऊ नये. राहिले विणलेले पॉलिएस्टर. ते ऊन सोसते, चटका देत नाही, परंतु पाणी त्यातून खालच्या फोमात उतरते आणि मग येणारा कुबट वास अत्तराच्या कुप्यांनी हटत नाही.

रंगाविषयी माझे मत नेरळच्या टॅक्सीस्टँडवर पक्के झाले. दस्तुरी नाक्यापुढे माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने दिवसभर पायी हिंडलेले प्रवासी तिथली प्रसिद्ध लाल माती बुटांवर आणि विजारींवर घेऊन परततात आणि तशीच बैठक मारतात. लोहयुक्त मातीचा तो डाग फिक्या कापडावरून सहसा समूळ जात नाही. काळ्या गादीवर वाळलेल्या चिखलाची धूळ उठून दिसते, शिवाय मे महिन्यात तीवर बसवत नाही. यावर तोड धुळीच्याच रंगाची: १८४६ साली पेशावरात उभारलेल्या इंग्रजी फौजेतील ‘गाइड्स’ पलटणीने गणवेशासाठी धुळीचा रंग पत्करला. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, तीवरून तो खाकी. पलटणीला जे साधले ते मोटारीच्या गादीला का साधू नये?

खरेदीपूर्वी नमुना उलटा करून पाठीचे कापड पाहावे, ते विरळ असेल तर वरचा थर कितीही देखणा असला तरी नाकारावे. पांढरा रुमाल ओला करून घासावा, म्हणजे रंग सुटतो की काय ते तेथेच कळते. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती दोरा ओलीने कुजतो. आसनाच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेले असेल, तर त्यासाठी उसवणारी खास शिलाई असल्याची खातरजमा केल्याविना कव्हर चढवू देऊ नये, मग कारागीर कितीही ओळखीचा असो.

माझ्या गाडीत आता बैठकीला खाकी पॉलिएस्टर आणि कडांना त्याच छटेचे जाड रेग्झिन आहे. पाच पावसाळे झाले. चालकाच्या उजव्या हाताची कड, जिच्यावरून उतरताना दर वेळी अंग घासते, ती तेवढी एकदा शिवून घ्यावी लागली.