झोपलेला लॅपटॉप किती जागा असावा?

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपला, असं आपण धरून चालतो. जुन्या ‘एस-३’ स्लीपमध्ये ते जवळजवळ खरंही होतं: प्रोसेसर बंद, वीज मुख्यतः मेमरीपुरती. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं, त्याच वर्षी ॲपलनं ‘पॉवर नॅप’ आणलं. तेव्हापासून अशी यंत्रं झोपेतही अधूनमधून जागी होऊन मेल उतरवून घेतात. सोय आहेच.

पण नागपूरचा मे महिना घ्या. पारा ४५ ला टेकलेला, मिहानच्या आयटी ऑफिसातून निघालेला लॅपटॉप बॅगेत, बॅग गाडीच्या डिक्कीत. तिथं आत एखादं अपडेट सुरू झालं, तर उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही. लिथियम बॅटरीचं आयुष्य तर नुसत्या उन्हानंही घटतं. म्हणून आम्ही म्हणतो, असली कामं चार्जर लावलेला असतानाच चालावीत. बॅगेत टाकायचाय? मग हायबरनेट करा. मेमरीतलं सगळं डिस्कवर जातं, वीज जवळपास शून्य.

हिरव्या ठिपक्याचं प्रकरण वेगळं. ‘ऑनलाइन’ ही यंत्राची नव्हे, माणसाची खबर आहे. निरोप खुशाल येऊ द्यावेत, पण झाकण मिटताच ठिपका विझावा. नाहीतर रात्री अकराला साहेब म्हणणार, ‘जागाच आहेस ना, एवढं बघून दे!’