गांठीचा अंक आणि अणुभट्टीची नळी

वऱ्हाडांतील मुलास कापूस पारखावयास निराळें शिकवावें लागत नाहीं. जाणता माणूस गाडींतील वरच्या थराकडे पाहतही नाहीं. तो कोपरापर्यंत हात आंत खुपसतो, तळाचा पुंजका ओढून काढतो, दोन्ही अंगठ्यांमध्यें धरून धागा ताणून पाहतो आणि मगच भाव बोलतो. गेल्या हंगामांत परतवाड्याच्या वाटेवरील एका जिनांत आम्ही गेलों असतां हाच प्रकार आम्हीं पाहिला. वरचा कापूस पांढराशुभ्र होता, तळचा ओलसर निघाला. गाडीवान म्हणाला, "रात्रीं दंव पडलें." पारखणाऱ्यानें कांहीं न बोलतां एकवार आकाशाकडे पाहिलें, व आम्हांस हसूं आवरेना.

हा रोग जुनाच आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत हिंदी कापसास एकाएकीं मोठा भाव आला आणि त्याबरोबर भेसळीसही ऊत आला. तेव्हां मुंबई सरकारास 1863 सालीं कापसांतील लबाडीबद्दल स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढें 1925 सालच्या कायद्यानें, दाबणीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या प्रत्येक गांठीवर त्या कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालण्याची सक्ती केली. गांठ दूरदेशीं फुटली आणि तिच्या पोटांत माती किंवा हलका कापूस निघाला, तर ती कोठें दाबली गेली हें त्या अंकावरून शोधतां यावें, हा हेतु. हा अंक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; कारण आज आम्ही त्यांस ज्या विषयाकडे नेणार आहों, तेथें त्याचीच गरज पडणार आहे.

तो विषय म्हणजे अणुशक्तीच्या केंद्रांत बाहेरून येणारें सामान. आपल्या प्रांतांत तारापूर येथें 1969 सालापासून अशी वीज निघत आली आहे. अशा केंद्रांतील नळी, झडप, तार यांपैकीं कोणतीही वस्तु नुसती विकत घेतली जात नाहीं. धातूच्या ज्या वितळणींतून ती निघाली त्या वितळणीचा अंक तिच्यावर उमटवलेला असतो, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या दाखल्यांत त्या धातूचे घटक, तिची ताकद व ध्वनिलहरींनीं घेतलेली परीक्षा हें सर्व नमूद असतें. इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. भट्टी एकदां पेटली कीं तिच्या गाभ्याशीं मनुष्यास जातां येत नाहीं. आणि धातूचा दोष तर कापसासारखा हात घालून कळत नाहीं.

झिर्कोनियम या धातूचेंच पाहा. भट्टींतील नळ्या त्याच्या मिश्रधातूच्या करतात, कारण तो न्यूट्रॉन फारसे गिळत नाहीं. परंतु निसर्गांत त्याच्या सोबतीस हाफ्नियम नांवाचा धातु नेहमीं असतो, व हा न्यूट्रॉन गिळण्यांत त्याच्या शेंकडोंपट खादाड! दोघे दिसावयास सारखे, रासायनिक गुणांतही जुळ्या भावांसारखे. त्यांस वेगळे करण्याचें किचकट काम हैदराबादच्या अणुइंधन कारखान्यांत चालतें.

पोलादाची कथा आणखी मौजेची आहे. सरबताचा पेला बर्फाच्या पेटींत ठेवला तर कडेचें बर्फ आधीं गोठतें व तें फिकें लागतें; गोडी मध्यभागीं सरकत जाते. पोलादाचा प्रचंड ठोकळा ओतला म्हणजे हेंच होतें. कडा आधीं गोठते आणि कर्ब मधल्या व वरच्या भागांत गोळा होतो. तो भाग पुरेसा छाटून टाकला नाहीं, तर घडलेली वस्तु त्या जागीं ठिसूळ राहते. फ्रान्समधील फ्लामांव्हील येथील नव्या अणुभट्टीच्या पात्राचें झांकण ल क्रूझो येथील कारखान्यांत घडविलें होतें. त्यांत कर्ब शेंकडा 0.22 असावयाचा, तो कांहीं जागीं 0.30 पर्यंत असल्याचें 2015 सालीं जाहीर झालें. मग त्या कारखान्याचीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं, तों कित्येक वर्षांच्या नोंदींत विसंगति निघाल्या. धातूंतील दोष निसर्गाचा म्हणतां येईल, दप्तरांतला कोणाचा?

दक्षिण कोरियांत तर दाखलेच बनावट निघाले. 2012 सालच्या नोव्हेंबरांत फ्यूज, पंखे असल्या किरकोळ वस्तूंचे खोटे दाखले उघडकीस आल्यामुळें तेथील दोन भट्ट्या थांबवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षीं नियंत्रणाच्या तारांच्या परीक्षेचे निकाल फिरविलेले आढळले, व आणखी भट्ट्या बंद पडल्या. अपघाताच्या वेळीं त्याच तारांनीं आज्ञा वाहून न्यावयाच्या असतात. वस्तु कदाचित् चांगलीही असेल. पण तिचा दाखला खोटा ठरल्यावर ती चांगली आहे हें म्हणणार कोण, आणि कशाच्या जोरावर?

आतां आपल्या देशांतील एक प्रकरण सांगतों. आमच्या अचलपुराजवळून वाहणाऱ्या सापन व बिच्छन यांचें पाणी पूर्णेंत जातें, पूर्णा चांगदेवाजवळ तापींत मिळते, आणि तापी गुजराथेंत उकाईच्या खालीं काक्रापारच्या बंधाऱ्यावरून जाते. त्या बाजूस 220 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आहेत; म्हणजे सातपुड्यावर पडलेल्या पावसानें आम्ही त्यांचे शेजारी. प्रत्येक भट्टींत 306 आडव्या नळ्या. नळींत इंधन, आणि त्यावरून सुमारें 290 अंशांपर्यंत तापणारें जड पाणी, वातावरणाच्या 80 पटींहून अधिक दाबाखालीं वाहतें. नळीची भिंत मात्र 4 मिलिमीटरहूनही पातळ. या नळीभोंवतीं दुसरी मोठी नळी असून दोहोंच्या फटींत कार्बन डायऑक्साइड वायु खेळता ठेवतात. तो आंतली उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं; शिवाय त्यांत ओल आढळली कीं आंतली नळी पाझरते हें कळतें. एकूण तो वायु म्हणजे घरचा पहारेकरीच.

2016 सालच्या मार्चच्या 11 तारखेस, जपानमधील फुकुशिमाच्या अनर्थास बरोबर पांच वर्षें होत असतां, काक्रापारच्या पहिल्या भट्टींतील एक नळी फुटली व जड पाणी वाहूं लागलें. भट्टी आपोआप थांबली, कामगारांस इजा झाली नाहीं. नळी बाहेर काढून पाहतां तिला चीर गेलेली होतीच. पण जाणत्यांस कोड्यांत टाकणारी गोष्ट दुसरीच होती. नळीच्या बाहेरच्या अंगावर देवीच्या वणांसारखे गंजाचे डाग होते. आंतल्या अंगास कढत पाणी रात्रंदिवस घासतें, तेथें गंज चढता तर नवल नव्हतें. बाहेर तर नुसता कोरडा वायु! दुसऱ्या भट्टींतही असेच डाग सांपडले.

मग शोध त्या पहारेकऱ्याकडे वळला. हा वायु नॅफ्था नांवाचें खनिज तेल फोडणाऱ्या कारखान्यांतून येत असे. इतर केंद्रांचा वायु दुसरीकडून येई. तेल फोडतांना निघणाऱ्या एथिलीनसारख्या हायड्रोकार्बनांचा अंश त्यांत राहून गेला असावा, आणि किरणांच्या माऱ्यांत त्यानेंच नळीस हे वण पाडले असावेत, असा तपासणाऱ्यांचा संशय झाला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत संगमरवराच्या तुकड्यांवर अम्ल ओतून हाच वायु आम्ही करतों व चुन्याची निवळी दुधाळ झाली कीं समाधान मानतों. निवळी वायु कोणता हें सांगते. तो कोठून आला व सोबत काय घेऊन आला हें सांगत नाहीं. नळीच्या धातूची वितळण, तिचा अंक, तिची परीक्षा यांचा कागद जपून ठेवण्याचा दंडक सर्वत्र आहे; पण तिच्या भोंवतीं फिरणारा वायु ही स्वस्त, रोजची, कोठेंही मिळणारी वस्तु. तिच्या जन्मस्थानाची चौकशी कोणास सुचावी? आमच्या मतें या साऱ्या प्रकरणांत शिकण्याजोगें आहे तें हेंच. लबाडाचा खोटा दाखला आज ना उद्यां उघडा पडतो. जिच्याकडे दाखला मागावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं, त्या वस्तूचें काय?

दोन्ही भट्ट्यांतील नळ्या बदलाव्या लागल्या. एकेका भट्टींत 306, आणि तेंही किरणांनीं भारलेल्या जागीं, बहुतेक काम दुरून यंत्रांच्या हातांनीं करावयाचें. दुसरी भट्टी 2018 सालच्या सप्टेंबरांत व पहिली 2019 सालच्या मे महिन्यांत पुन्हां चालूं झाली.